तीनाचा ठेका की चाराचा?

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर बोटं वाजवायला बंदी आहे, आणि ही बंदी माझ्या जन्माआधीपासूनची आहे. माझे वडील नगरपालिकेच्या बँडचे मास्तर होते. दिवसभर ढोलवाल्यांच्या आणि क्लॅरिनेटवाल्यांच्या चुका कानात साठवून ते घरी यायचे आणि जेवायला बसताना जाहीर करायचे, "आता जो टिकटिक करेल त्याचं ताट उचललं जाईल." पण आम्ही पडलो बँडमास्तरची पोरं. माझ्या आणि माझ्या भावाच्या डोक्यात सारखं काहीतरी वाजत असायचं. बोट हललं की बाबांचे डोळे, पाय हलला की टेबलाखालून बाबांचा बूट. शेवटी आम्ही पुतळ्यांसारखे जेवायला शिकलो. पुढे भावाला मुलगी झाली. तीही त्याच टेबलावर वाढली आणि नीट बोलायला लागायच्या आधी पुतळा व्हायला शिकली.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत घरी आणायची तिला खोडच आहे. मोडका रेडिओ, कोणाच्या तरी सायकलचं चाक, एकदा तर अख्खा दरवाजा. कॉलेजचं दुसरं वर्ष संपलं आणि त्या उन्हाळ्यात तिने घरी ओढून आणला तो मेंदू.

"आत्या, माझी निवड झाली!" ती माझ्या खोलीत ओरडत आली तेव्हा मी एका गृहस्थांच्या पँटची कंबर ढिली करत होते. कपडे दुरुस्त करणं हा माझा धंदा. शिकवलं कोणी नाही, जुने कपडे उसवून उसवून शिकले.

"कशात निवड?"

"उन्हाळ्याच्या संशोधनात! विद्यापीठातल्या मॅडमकडे. कॉम्प्युटर, संगीत आणि मेंदू, तिन्ही एकत्र!"

"तिन्ही मिळून करणार काय?"

तिने माझ्यासमोर बैठक मारली आणि समजावून सांगितलं. माणसाला गाण्याचा तुकडा ऐकवायचा. काही तुकडे तीनाच्या ठेक्यातले, काही चाराच्या. मग मध्येच आवाज बंद. माणसाने ते गाणं डोक्यातल्या डोक्यात पुढे चालू ठेवायचं. डोक्यावर तारांची टोपी असते, ती मेंदूतली बारीकशी वीज टिपते. त्या नागमोडी रेघा मुंगीच्या प्रोग्रॅमने वाचायच्या आणि सांगायचं, या शांततेत हा माणूस तीन मोजतोय की चार.

"आणि ओळखता आलं तर?"

"तर खुर्ची मिळेल." तिचा आवाज एकदम खाली आला. मॅडमच्या प्रयोगशाळेत वर्षभरासाठी एक खुर्ची रिकामी होती. उन्हाळ्यात काम करणाऱ्या पोरापोरींपैकी एकालाच ती मिळणार होती. शेवटच्या शुक्रवारी सगळ्यांनी विद्यापीठाच्या दालनात आपापलं पोस्टर लावून काम दाखवायचं, आणि मग मॅडम ठरवणार. आतापर्यंत मुंगीने जे जे ओढून आणलं ते तिला कोणी ना कोणी परत नेऊन ठेवायला लावलं होतं. ही खुर्ची तिला ठेवून घ्यायची होती.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. डोकी मिळेनात. सुट्टीमुळे विद्यापीठ ओस पडलेलं. जे थोडे विद्यार्थी मागे राहिले होते, ते एकदा टोपी घालून गेले की दुसऱ्यांदा फिरकत नसत, कारण टोपीच्या प्रत्येक बटणाखाली एक थंडगार चिकट लगदा भरतात आणि तो केसांतून दोनदा धुतला तरी जात नाही. मग मॅडमच्या परवानगीने मुंगी आम्हालाच घेऊन गेली.

प्रयोगशाळा तळघरात. एका खोलीत कॉम्प्युटर आणि मॅडमनी अर्धवट खाऊन ठेवलेली सफरचंदं, तिच्या आत एक छोटी खोली, भिंतींना जाडजूड स्पंज लावलेली. आत न्हाव्याकडे असते तशी खुर्ची. मुंगीच्या हाताखाली, खरं म्हणजे मुंगी ज्याच्या हाताखाली होती, तो एक उंच संशोधक मुलगा. दारातून वाकून यायचा. त्याला सगळे लंब्या म्हणत, आणि तोही ओ द्यायचा.

"आत्या, अजिबात हलायचं नाही हं," लंब्या म्हणाला.

"बाळा, न हलण्यात आमच्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही."

आणि खरंच की! पहिल्या दिवसाचे आकडे बघून लंब्याचं डोकं दाराला आपटलं. बाहेरच्या मुलांच्या बाबतीत प्रोग्रॅम शंभरातले पन्नास-बावन्न ओळखायचा, म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखंच. माझ्या डोक्यातले त्याने नव्वदच्या वर बरोबर ओळखले. भावाचेही तेवढेच. बाबांचे तर जवळजवळ सगळेच. मुंगीने स्वतः टोपी घातली, तिचेही नव्वद. फक्त वहिनी अडली. साठ.

"साठ म्हणजे पास ना?" वहिनी लगदा पुसत म्हणाली. ती गाडी चालवायला शिकवते, तिला पास-नापासचीच भाषा कळते.

"काठावर," भाऊ म्हणाला. "बाहेरून आलेली ना तू. रक्तातच ठेका लागतो, त्याला काय करणार!"

"गेल्या आठवड्यात गॅरेजचा खांब कोणाच्या रक्ताने पाडला?" वहिनी म्हणाली. पण तिचा चेहरा जरा उतरला होता, हे मी पाहिलं. आमच्यात सुरात गाते ती एकटीच. आम्ही बाकीचे ठेक्याचे पक्के, पण गळ्याचा आनंदीआनंद आहे.

त्यानंतर आमचं घर जमिनीवर राहिलं नाही. भावाचं चष्म्यांचं दुकान आहे. तो गिऱ्हाइकाला फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायच्या आधी आमच्या मेंदूंची हकीकत ऐकवायला लागला. आणि बाबा! बँड बंद पडल्यापासून ते रोज सकाळी गणवेशाच्या कोटाला ब्रश मारायचे आणि कोट परत कपाटात टांगून ठेवायचे. आता ते कोट अंगात घालून बागेपर्यंत फिरून यायला लागले. भेटेल त्याला सांगत, "विज्ञानाने सिद्ध केलंय. आमच्या मेंदूतच बँड आहे."

मुंगीच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरांत मथळा पडला: संगीतात वाढलेला मेंदू शांततेतही ताल सोडत नाही. लंब्याने ते पोस्टर मोठ्या कागदावर छापून घेतलं. मॅडम परगावी परिषदेला गेल्या होत्या. त्यांनी फोनवर आकडे ऐकले आणि म्हणाल्या, "इतके चांगले? बघू, आल्यावर बघू." मुंगीने त्यातलं "चांगले" एवढंच ऐकलं.

आणि माझी दाढ दुखायला लागली.

आमची दातांची डॉक्टर बडबडी आहे. तोंडात दोन्ही हात घालून प्रश्न विचारते. "काय हो, झोपेत दात खाता का?"

"आं आं."

"मग ही दाढ अशी सपाट कशाने झाली? परवा तुमचे भाऊ आले होते, त्यांचीही तशीच. आणि तुमच्या वडिलांच्या तर विचारू नका. चक्की आहे का काय घरात?"

जेवताना मी हा किस्सा सांगितला, डॉक्टरीणबाईंचा आवाज काढून. सगळे हसले. वहिनी म्हणाली, "माझ्या बघा, कशा टोकदार आहेत. मागच्याच महिन्यात ती म्हणाली, नमुना म्हणून ठेवाव्यात अशा."

मुंगी हसली नाही. तिचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला होता.

"काय गं?" मी विचारलं.

ती उठली. तिने फोनवर बँडचा एक तुकडा लावला, चाराचा, आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. दोन बोटं माझ्या कानशिलांवर ठेवली. "आत्या, काही करू नकोस. नुसतं ऐक."

"मी काहीच करत नाहीये."

तिने फोन बंद केला. "आता मनात चालू ठेव."

"ठेवलं."

तिची बोटं तशीच. मग ती भावाकडे गेली, मग बाबांकडे. तिघंही पुतळ्यासारखे बसलेलो. तिने माझा हात उचलून माझ्याच कानशिलावर ठेवला. "हे काय आहे ते सांग."

बोटांखाली काहीतरी टुणकन उडत होतं. बेडकाचा गळा उडतो ना, तसं. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. मी तोंड मिटून बसले होते. मला वाटत होतं मी काहीही करत नाहीये. आणि माझ्या मागच्या दाढा एकमेकींवर हलकेच आपटत ठेका धरून बसल्या होत्या.

"दात," मुंगी म्हणाली. "आपण सगळे दातांनी वाजवतो. बोटं वाजवायला बंदी, पाय वाजवायला बंदी, मग उरलं काय?" ती खाली बसली. "टोपीची बटणं कानाच्या वर असतात, बरोबर जबड्याच्या स्नायूवर. स्नायूची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी. माझ्या प्रोग्रॅमला मेंदू कळत नाही आणि दातही कळत नाहीत, त्याला फक्त फरक कळतो. तो इतके दिवस आपल्या दाढा मोजतोय."

बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि उठून आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. खात्री करून घ्यायची होती. उपाय साधा: जीभ दातांच्या मध्ये ठेवून बसायचं. दात मिटले तर जीभच सांगेल. पहिल्याच मात्रेला मी जीभ चावली. "आई गं!" चाराच्या ठेक्यात चार वेळा चावल्यावर माझे जबडे वठणीवर आले, आणि आकडाही. पन्नास.

"पोस्टर छापून झालंय," लंब्या म्हणाला. त्याचा चेहरा टोपीतल्या लगद्यासारखा झाला होता. "खाली एक ओळ टाकता येईल. पुढील अभ्यासाची गरज आहे, अशी. सगळे टाकतात."

"टाकू?" मुंगीने विचारलं, पण त्याला नाही. स्वतःलाच विचारल्यासारखं. मग पोस्टरवरच्या मथळ्याकडे बघत राहिली. "नको. वरचं खोटं असताना खाली ओळ टाकून काय होणार?"

वहिनी आम्हाला न्यायला आली ती शिकवण्याच्या गाडीतून, छपरावर 'शिकाऊ' पाटी असलेल्या. मुंगी मागच्या सीटवर आडवी झाली.

"खुर्ची गेली, आई."

"गाडी मध्येच बंद पडली तर मी काय शिकवते? आधी ब्रेक, मग किल्ली. रडायचं ते बाजूला लावल्यावर."

"सगळंच खोटं निघालं गं. आत्याचं, बाबांचं, आजोबांचं, माझं. सगळ्यांचे दातच."

वहिनीने गिअर टाकला. थोडं अंतर गेल्यावर आरशात बघत म्हणाली, "आणि माझं? मी कुठे दात वाजवते? माझ्या आईच्या घरी टेबलावर तबला वाजवला तरी कोणी काही म्हणत नसे."

मग मुंगी अशी ताडकन उठली की तिचं डोकं छताला लागलं.

"आई! तुझे साठ!"

"माझे साठ काय?"

"तुझे साठ तुझेच आहेत! त्यात दात नाहीतच! गाडी वळव!"

"इथे वळवायला मनाई आहे."

"आई!"

"पुढच्या चौकातून वळवते. नियम म्हणजे नियम," वहिनी म्हणाली, पण चौकात तिने अशी गाडी वळवली की शिकणाऱ्याला तिने तिथल्या तिथे नापास केलं असतं.

वहिनी जीभ दातांत धरून, डोळे मिटून, स्पंजच्या खोलीत बसली. मी काचेतून बघत होते. गाणं थांबायचं आणि तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही, तरी असं वाटायचं की आत कोणीतरी गातंय. मुंगी सारखी नखं खात होती. आकडा आला. साठाच्या किंचित वर. तिने पुन्हा एकदा केलं, वेगळे तुकडे लावून. पुन्हा तेवढाच.

"लहान आहे," लंब्या म्हणाला.

"लहान आहे, पण मेंदू आहे," मुंगी म्हणाली.

आता राहिले बाबा. हे तिला जास्त जड गेलं. संध्याकाळी ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा कोट कपाटात होता. मी दारातच थांबले.

"आजोबा, रागावलात?"

"मी सगळ्या बागेला सांगून बसलो," बाबा म्हणाले. "आता काय सांगू? की विज्ञानाने आमच्या दाढा सिद्ध केल्या?"

"तसंच सांगा."

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "एक सांग. तुझ्याकडे रेघा आहेत ना सगळ्या? त्या दाढा कुठे चुकल्या का? मागेपुढे झाल्या?"

मुंगीने विचार केला. खोटा धीर द्यायची तिची पद्धत नाही. "तुमच्या नाही, आजोबा. एकदाही नाही. माझ्या बाबांच्या मात्र चाराच्या ठेक्यात जरा घाई करतात."

"मला माहीत होतं!" बाबा म्हणाले. "त्याला मी लहानपणापासून सांगतोय, घाई करू नकोस!" आणि कपाट उघडून त्यांनी कोट बाहेर काढला.

शुक्रवारी आम्ही सगळे दालनात. बाकीच्या पोरांची पोस्टरं चकचकीत, एकाच्या कॉम्प्युटरने तर स्वतः गाणं रचलं होतं. मुंगीच्या पोस्टरवरचा मथळा झाकून त्यावर पांढरा कागद चिकटवला होता आणि तिच्या हाताने लिहिलं होतं: आमच्या प्रोग्रॅमने मेंदूऐवजी दात कसे वाचले, आणि दात काढून टाकल्यावर काय उरलं. कागद जरा तिरका लागला होता. मला राहवेना, पण मी हात लावला नाही.

मॅडम सफरचंद खात आल्या. बुटक्या, पायात धावायचे बूट. त्यांनी मथळा वाचला आणि चावायच्या थांबल्या.

मुंगीने सगळं सांगितलं. टेबल, बंदी, दाढा, जीभ. बाबा कोट घालून खुर्चीत बसलेले, डोक्यावर टोपी, शेजारी मोठा पडदा. तिने तीनाचा तुकडा लावला आणि बंद केला. पडद्यावर तीनाचा आकडा लखलखला. चाराचा लावला, चार. दालनातली माणसं गोळा व्हायला लागली. मग ती म्हणाली, "आजोबा, जीभ." बाबांनी जीभ दातांत धरली, आणि पडदा वाट चुकलेल्या माणसासारखा तीन-चार, चार-तीन करायला लागला. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले, त्यामुळे पडद्याने काहीतरी सात-आठसारखं दाखवायचा प्रयत्न केला.

मग मुंगीने आईचा आकडा दाखवला. "हा एवढाच खरा आहे," ती म्हणाली. "बाकीचे मी मोठे म्हणून मिरवले. यालाच आम्ही घरी काठावरचा म्हणत होतो." वहिनीने भावाकडे पाहिलं. भाऊ आपला चष्मा पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

मॅडमनी पहिला प्रश्न मुंगीला विचारलाच नाही. बाबांना विचारला.

"हे तुम्ही सांगितल्यावर करू शकता? दात सुरू, दात बंद? हळू, जोरात? एका बाजूने?"

"मी बँडमास्तर आहे," बाबा म्हणाले.

"आणि ही मंडळी?"

"ही माझी शिकवण आहे. हा मुलगा घाई करतो, तेवढं सोडून द्या."

मॅडम मुंगीकडे वळल्या. "जबडा सगळ्यांना छळतो. आमच्या कामातल्या प्रत्येकाला. तो गोंगाट कसा दिसतो ते प्रोग्रॅमला शिकवायचं तर मुद्दाम, मापात, ठेक्यात दात वाजवणारी माणसं लागतात. ती मी कुठून आणणार होते? जाहिरात देऊन?" त्यांनी सफरचंदाचा घास घेतला. "आणि दुसऱ्या बाजूला, अजिबात न वाजवणारं आणि तरी ठेका धरणारं एक चांगलं डोकं. ते पण तुझ्याच घरात. सुट्टीनंतर ही सगळी मोकळी आहेत का?"

"विचारते," मुंगी कशीबशी म्हणाली. "म्हणजे मॅडम, खुर्ची..."

"सोमवारी ये. तिचं एक चाक निखळतं, आधीच सांगून ठेवते."

मुंगीने ती खुर्ची लगेच बघून घेतली. त्याच दुपारी चाक घरी आलं, दुरुस्त करायला.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी पेल्यावर चमचा वाजवला. आम्ही दचकून ताठ बसलो.

"दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दम दिलाय," ते म्हणाले. "तेव्हा आजपासून या टेबलावर बोटं वाजवायला परवानगी आहे. वाजवा."

आम्ही हात टेबलावर ठेवले. भावाने एक बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मी दोनदा टकटक केलं आणि मला ताटाची काळजी वाटायला लागली. मुंगीला तर हसूच आवरेना. कोणालाच जमेना.

मग वहिनीने ताट बाजूला सारलं, दहाही बोटं टेबलावर टेकवली आणि वाजवायला सुरुवात केली. तीनाचा ठेका, मध्येच एक गिरकी, पुन्हा तीन. काटे-चमचे नाचायला लागले. इतकी वर्षं ती आमच्यात बसून जेवत होती आणि हे तिच्या बोटांत होतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाबांनी डोळे मिटले. हात मांडीवर, मान स्थिर, चेहरा शांत.

मुंगीने हळूच हात लांब करून त्यांच्या कानशिलाला बोट लावलं.

"आजोबा," ती म्हणाली, "दात!"